जुनी भारी ई-सायकल घ्यावी की नवी साधी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नाशिकच्या गंगापूर रोडला राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या 51 वर्षांच्या एका ताईंनी हे पत्र पाठवलंय. सहा वर्षांपासून त्या दर रविवारी पाच जणांच्या ग्रुपबरोबर सायकलवर जातात. कधी गंगापूर धरण, कधी गिरणारे, कधी रामशेज किल्ल्याचा पायथा, जमलं तर त्र्यंबक. गेल्या दीड वर्षापासून उजवा गुडघा दुखतोय. झीज सुरू झाली आहे, सायकल बंद करू नका पण चढाला जोर लावू नका, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून त्या प्रत्येक चढाला मागे पडतात. आता इलेक्ट्रिक माउंटन बाइक घ्यायचं मनात आहे. मुंबईत एक परदेशी, पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली, साडेतीन वर्षं वापरलेली सायकल 1 लाख 40 हजारांना मिळतेय. एल साइझ, 'ताशी 45 पर्यंत पळते', मूळ चार्जर हरवला म्हणून दुसरा दिलाय. इथल्या दुकानात मागच्या चाकात 250 वॉटची मोटर असलेली नवी देशी सायकल 55 हजारांपर्यंत आहे. ताईंची उंची पाच फूट दोन इंच. यजमान म्हणतात, त्यापेक्षा स्कूटर घे. ग्रुपमधले एक जण म्हणाले, मोटर लावली की ती सायकल राहत नाही. पैसे ताईंचे स्वतःचे, संपलेल्या आरडीचे. तरीही 'स्वतःच्या हौसेवर एवढे घालवायला मन धजत नाही. जुनी भारी घेऊ की नवी साधी, की काहीच नको?' असं त्या विचारतात.

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी डोळे जाहिरातीवर गेले, दुसऱ्या वेळी एका वाक्यावर थांबले: 'ते सगळे वर थांबलेले असतात, कुणी काही बोलत नाही, पण मी पोचले की लगेच निघतात.' हे मी स्वतः अनुभवलंय. शेवटी पोचणाऱ्याला विसावा मिळतच नाही, कारण तो पोचेपर्यंत बाकीच्यांचा विसावा झालेला असतो. ज्याला सगळ्यात जास्त दम लागलाय, तोच पाणी न पिता पुढे निघतो. यात कुणाच्या मनात वाईट नसतं, पण हे कुणीतरी बोलून दाखवावं लागतं. येत्या रविवारी निघण्याआधी सरळ सांगा, 'मी आले की पाच मिनिटं मोजून थांबायचं.' सहा वर्षांच्या ओळखीची माणसं आहेत, ऐकतील. सायकल कुठलीही घ्या, हे आधी करा.

आता तुमच्या गुडघ्याचं. झीज आहे, ती डॉक्टरांनी बघितलीय, त्यावर मी बोलणार नाही. पण 'मोटर नसेल तर चढ बंद' हे तुम्ही धरून चाललाय, तिथे जरा थांबू. तुमच्या आत्ताच्या सायकलची सीट केवढी उंच आहे? भिंतीला हात टेकून सीटवर बसा, पेडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. म्हणजे मग पंजा ठेवून चालवताना खालच्या टोकाला गुडघ्यात थोडासाच बाक राहतो. आपल्यापैकी बहुतेकींनी लहानपणी वडलांच्या नाहीतर भावाच्या सायकलवर शिकताना एकच ऐकलेलं असतं, 'सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत.' ती सवय पन्नाशीतही सुटत नाही. सीट दोन इंच खाली राहिली की प्रत्येक फेऱ्यात गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि सगळा भार वाटीवर येतो. चाळीस किलोमीटरमध्ये असे किती हजार फेरे होतात, विचार करा.

दुसरं, गिअर. चढ आला की जड गिअरवर उभं राहून रेटायची सवय आपल्या ग्रुपांमध्ये फार आहे, आणि ती मर्दुमकीही समजली जाते. गुडघ्याला हवं असतं उलटं: हलका गिअर, आणि मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे. मागच्या कॅसेटचं (मागच्या चाकाच्या दातेरी चक्रांच्या संचाचं) सगळ्यात मोठं चाक लावूनही पाय जड जात असतील, तर आणखी मोठ्या दातांची कॅसेट बसते का ते मेकॅनिकला विचारा. खर्च हजारांत येईल, लाखात नाही. सीट आणि गिअर नीट करून दोन-तीन रविवार बघा. तेवढ्यानं भागलं तर आरडी तशीच राहील. नाही भागलं, तर मोटर घेताना मनात शंका उरणार नाही. आणि एक गोष्ट डॉक्टरांना जरूर विचारा: मोटरच्या मदतीनं हलके पेडल मारत चढ चढलेला चालेल का.

'मोटर लावली की ती सायकल राहत नाही' म्हणणाऱ्या गृहस्थांवर रागावू नका. नाशिकला सायकलचा अभिमान आहे आणि तो खरा आहे. 2015 साली याच शहरातल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, जवळपास 4,800 किलोमीटरची 'रेस ॲक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघानं पुरी केली. ज्या गावात अशी माणसं आहेत तिथे सायकलचं माप घामात घेतलं जाणारच. पण पेडल मारल्याशिवाय मदत न देणाऱ्या मोटरवरही घाम येतो. माउंटन बाइकच्या जागतिक अजिंक्यपदात 2019 पासून ई-माउंटन बाइकची वेगळी शर्यत होते, पहिली कॅनडातल्या मॉन्ट-सेंट-ॲनला झाली. ज्यांचं आयुष्य या खेळात गेलं त्यांनी तिला सायकल मानलंय. तुम्ही तर शर्यतीला निघालेल्या नाही, पाच माणसांबरोबर गप्पा मारत चढ चढायला निघालाय.

यजमानांचा स्कूटरचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. बँकेत जाणं-येणं, भाजी, सातपूरला नातेवाइकांकडे, हे तुमच्या मनात असेल तर त्यांचं बरोबर आहे. देशी सायकलीच्या पैशात भर घालून चांगली स्कूटर येते आणि रोज उपयोगी पडते. पण स्कूटरवर गुडघा हलत नाही, आणि कालव्याच्या कडेच्या मुरमाड वाटेवर सकाळी सहाला तुम्ही स्कूटर नेणार नाही. तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका, एका कागदावर लिहून काढा: मागच्या तीन महिन्यांत तुम्ही किती दिवस सायकल बाहेर काढली, कुठे गेलात, त्यात डांबरी रस्ता किती आणि कच्चा किती. हा कागद तुम्हालाही लागणार आहे.

कारण पुढचा प्रश्न तोच आहे. माउंटन बाइक कशासाठी? तुम्ही सांगितलेल्या वाटा मला माहीत आहेत. गंगापूर धरणाकडे जाताना द्राक्षबागांमधल्या पाणंदी, गिरणाऱ्याच्या बाजूचे खडी उखडलेले रस्ते, रामशेजच्या पायथ्याचा दगड-मुरूम. यासाठी दोन इंच रुंद टायर, पुढे शंभर मिलिमीटरपर्यंत दबणारा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि भरवशाचे डिस्क ब्रेक पुरतात. मागचं सस्पेन्शन लागतं ते उड्या मारणाऱ्यांना आणि दगडांच्या पायऱ्यांवरून वेगात उतरणाऱ्यांना. त्या मागच्या शॉक-ॲब्सॉर्बरमध्ये हवेचा दाब असतो, सील असतात, फ्रेमच्या सांध्यांमध्ये बेअरिंग असतात. आपल्या चिखलात ती सगळी वेळच्या वेळी उघडून साफ करावी लागतात, आणि उघडणारा माणूस गावात असावा लागतो. (मोटर आली म्हणून अंजनेरीच्या पठारावर सायकल चढवायचा मोह झालाच, तर तो आवरा. ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथल्या कातळावर जगात फार थोड्या जागी उगवणारी झाडं आहेत, चाकाखाली आली तर कळणारही नाही. पायथ्याशी सायकल लावून पायी वर जा.)

आता मुंबईच्या सायकलीबद्दल. आधी माझीच गोष्ट सांगते.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या शहरातल्या एका माणसाकडून दोन वर्षं वापरलेली ई-सायकल घेतली. गल्लीत चालवून बघितली. डिस्प्लेवर चार्जच्या चारही दांड्या, मस्त पळाली, पैसे दिले. मार्च महिना होता. गिरणाऱ्याच्या पुढे वाघेऱ्याच्या घाटाला लागले आणि पहिल्याच चढाला चारची एक दांडी झाली. मग डिस्प्ले काळा. सावलीत दोन मिनिटं थांबले, परत चालू केली तर तीन दांड्या! आनंदानं निघाले, पन्नास मीटरवर पुन्हा बंद. असं चार वेळा झाल्यावर उतरले आणि तेवीस किलोची सायकल ढकलत निघाले. बंद पडलेली ई-सायकल चढावर ढकलताना पेडल पोटरीला लागतं, हँडल आपल्याकडे वळतं आणि पाच मिनिटांत हातांना कंप सुटतो. एका शेतकऱ्यानं पिकअपमध्ये घातली तेव्हा मी घरी आले.

तेव्हा कळलं नव्हतं ते आता सांगते. आपल्याकडच्या बहुतेक ई-सायकलींची बॅटरी 36 व्होल्टची असते. तिच्यात लिथियम-आयन सेलचे दहा गट एकापुढे एक जोडलेले असतात. सेल जुने झाले की त्यांचा आतला रोध, म्हणजे वीज वाहण्यातला अडथळा, वाढतो. सपाटीवर मोटर थोडीच वीज ओढते, त्यामुळे सगळं छान दिसतं. चढाला मोटर जास्त मागते, व्होल्टेज एकदम खाली बसतं, आणि दहातला एक जरी गट कमजोर असला तरी तो खराब होऊ नये म्हणून बॅटरीतलं सर्किट सगळंच बंद करतं. ओझं उतरलं की व्होल्टेज परत वर येतं, म्हणून त्या फसव्या तीन दांड्या. जुनी ई-सायकल सपाट गल्लीत कधीच तपासायची नाही, ती चढावरच तपासायची.

बॅटरी नुसत्या वापरानं थकते असंही नाही. चांगल्या सेलना पाचशे ते आठशे पूर्ण चार्ज झेपतात, पण कपाटात पडून राहिली तरी ती म्हातारी होते, आणि पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून उन्हाच्या खोलीत ठेवली तर लवकर होते. म्हणून मुंबईच्या विक्रेत्याचं 'फक्त पाचशे किलोमीटर चाललीय' हे वाक्य मला आश्वासक वाटत नाही. साडेतीन वर्षांत पाचशे किलोमीटर म्हणजे बहुतेक वेळ ती कोपऱ्यात पडून होती.

त्यामुळे माझा हिशेब असा असतो: मागितलेल्या किमतीत नव्या बॅटरीची किंमत मिळवायची आणि मग दोन सायकलींची तुलना करायची. देशी सायकलीच्या बॅटरीचा भाव दुकानात विचारला की लगेच कळतो. परदेशी नावाजलेल्या कंपनीची पाचशे वॅट-तासांची (वॅट-तास म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप) बॅटरी युरोपातच सहाशे युरोंच्या पुढे जाते. ती मागवणंही सोपं नाही. 160 वॅट-तासांच्या वरची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही, त्यामुळे अमेरिकेतल्या भाच्याला 'येताना घेऊन ये' म्हणायची सोय नाही. शिवाय अशा अनेक मोटरी त्याच कंपनीच्या बॅटरीशी आणि संगणकाशीच बोलतात. बाजारातून बनवून घेतलेली बॅटरी त्या स्वीकारत नाहीत, आणि दोषाचा कोड वाचायलाही अधिकृत सेवा केंद्राचं यंत्र लागतं. 1 लाख 40 हजारांची सायकल दोन लाखांच्या घरात जाते ती अशी.

मूळ चार्जर हरवलाय, ही गोष्ट तुम्ही ओघात लिहिलीय, पण मला ती खटकली. 36 व्होल्टच्या बॅटरीला 42 व्होल्टचाच चार्जर हवा. प्लग बसतो म्हणून भलताच चार्जर लावून वर्षभर चालवलेली बॅटरी मी घरात ठेवणार नाही.

'ताशी 45 पर्यंत पळते' हे विक्रेत्यानं कौतुकानं सांगितलंय, पण तीच या सायकलची मोठी अडचण आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटर पाव किलोवॉटच्या, म्हणजे 250 वॉटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंत असेल तरच ती मोटार वाहनात धरली जात नाही, मग नोंदणी नको आणि लायसन्सही नको. अमेरिकेत ताशी 32 आणि 45 पर्यंत मदत देणाऱ्या ई-बाइक चालतात, त्या इथे आल्या की या व्याख्येच्या बाहेर जातात. रस्त्यात कुणी अडवेल की नाही हा भाग सोडा. उद्या कुणाला धक्का लागला, तर नोंदणी आणि विमा नसलेलं वाहन चालवणाऱ्या तुम्ही ठराल.

आणि आता सगळ्यात सोपी गोष्ट, जी तुमच्या पत्रातच आहे. तुमची उंची पाच फूट दोन, ती सायकल एल साइझची. एल फ्रेम साधारण पाच फूट दहा आणि त्यापुढच्या माणसासाठी असते. सीट कितीही खाली घेतली तरी हँडल लांबच राहणार आणि पाठ-मान दुखणार. त्याहून वाईट म्हणजे दगडाळ चढावर अचानक थांबावं लागलं, तर वरच्या दांडीवरून जमिनीवर पाय पोचायला तुम्हाला सायकल एका बाजूला कलवावी लागेल. तेवीस-चोवीस किलोचं धूड कलंडताना सगळा भार एका पायावर येतो. तो उजवा असेल तर? ही सायकल फुकट मिळाली तरी तुमच्यासाठी नाही, ताई. मुंबईच्या माणसाला नम्रपणे नाही कळवा.

मग नवी देशीच घ्यायची का? माझा कौल तिकडे आहे, पण डोळे झाकून नाही.

मोटर मागच्या चाकात असली की ती सायकलचे गिअर वापरू शकत नाही. परदेशी सायकलीत मोटर पेडलपाशी असते, तिला गिअरचा फायदा मिळतो, म्हणून ती खड्या चढाला सरस. चाकातली मोटर ताशी सात-आठच्या वेगानं लांब चढाला रेटली की तापते. तुमच्या वाटांवर असे चढ थोडे आणि छोटे आहेत, तिथे ती पुरी पडेल. वाघेऱ्याचा घाट रोज चढायचा असता तर मी वेगळं सांगितलं असतं.

गुडघ्याच्या दृष्टीनं बघायची खरी गोष्ट दुकानदार आपणहून सांगत नाहीत, ती म्हणजे सेन्सर. स्वस्त सायकलीत पेडल फिरतंय की नाही एवढंच कळणारा सेन्सर असतो. पेडल अर्धा-पाऊण फेरा फिरलं की मोटर सुरू होते आणि तुम्ही हळू दाबा की जोरात, ती तेवढंच ढकलते. महाग सायकलीत पायाचा जोर मोजणारा सेन्सर असतो, त्या प्रमाणात मदत मिळते आणि चालवायला अगदी सायकलसारखी वाटते. तुमच्यासाठी पहिला प्रकार वाईट नाही, कारण पाय नुसते फिरवले तरी मदत येते. पण चढावर थांबून परत निघताना तो पहिला अर्धा फेरा तुमच्या गुडघ्यावरच पडतो. म्हणून त्या सायकलला हँडलवर छोटा थ्रॉटल (पेडल न मारता मोटर चालवणारी कळ) आहे का बघा. तो फक्त निघताना दोन सेकंद वापरायचा.

कंपनीनं छापलेल्या किलोमीटरवर जाऊ नका, तो आकडा सगळ्यात कमी मदतीवर आणि सपाटीवर काढलेला असतो. स्वतः हिशेब करा. व्होल्ट गुणिले ॲम्पिअर-तास म्हणजे वॅट-तास. 36 व्होल्ट आणि साडेसात ॲम्पिअर-तासांची बॅटरी म्हणजे 270. मधल्या मदतीवर किलोमीटरला दहा वॅट-तास धरले तर सत्तावीस किलोमीटर, आणि थोडी शिल्लक ठेवून वीस-बावीस. आता चढाचं. तुम्ही, सायकल आणि पाणी-बिणी मिळून नव्वद किलो धरले, तर शंभर मीटर उंची चढायला साधारण पंचवीस वॅट-तास लागतात, आणि त्यातले निम्मे तुमचे पाय देणार. म्हणजे सपाटीवर मोटर बंद ठेवली आणि चढालाच चालू केली, तर चाळीस किलोमीटरच्या रविवारीही ही बॅटरी सहज पुरते. त्र्यंबक 28 किलोमीटर, जाऊन-येऊन 56. तेही या हिशेबात बसतं, फक्त जाताना हात आवरायचा आणि परतीला समोरून वारा असेल त्यासाठी दोन दांड्या राखायच्या.

दुकानात गेल्यावर गल्लीतली चक्कर मान्य करू नका. म्हसरूळपासून चामर लेण्याच्या पायथ्यापर्यंत नेऊन बघायची परवानगी मागा, हवं तर तुमचं ओळखपत्र ठेवा. मध्येच मुद्दाम थांबा आणि चढावरच परत निघा. उतरताना ब्रेक दाबून बघा. एवढ्या वजनाला तारेच्या डिस्कपेक्षा तेलावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक मला जास्त भरवशाचे वाटतात, बोटांनाही कमी कष्ट पडतात. सायकल दोन्ही हातांनी उचलून बघा. तुमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये ती उभी राहते का, नाहीतर बॅटरी काढून वर नेता येते का हेही बघा. मग दुकानदाराला विचारा, बॅटरीची वॉरंटी किती महिन्यांची, बिघडली तर ती इथेच बदलून मिळते की कंपनीकडे जाते, आणि गेली तर किती दिवस लागतात. 'बघू, करून देऊ' असं उत्तर आलं तर दुसरं दुकान गाठा.

हीच देशी सायकल वर्ष-सव्वा वर्ष वापरलेली, मूळ बिलासकट आणि बॅटरीची वॉरंटी शिल्लक असलेली मिळाली, तर जुनी घ्यायला माझी ना नाही. हौसेनं घेतलेल्या ई-सायकली दिवाळीनंतर पार्किंगमध्ये धूळ खाताना तुम्हीही बघितल्या असतील. आधी सोसायटीत विचारा. अशी सायकल बघायला जाताना बॅटरी तुमच्यासमोर पूर्ण चार्ज करायला सांगा. मल्टिमीटरनं मोजलं तर 42 व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. मग जास्तीत जास्त मदत लावून चढावर न्या. एखादी दांडी हलली तर ठीक, तीन उतरल्या आणि थांबल्यावर परत आल्या तर आभार मानून निघा. बॅटरी कुठे फुगली आहे का, तिच्या खोबणीत पाण्याचे हिरवट डाग आहेत का, मागच्या चाकाचे आरे सगळे सारखे ताणलेले आहेत का ते हातानं चाचपा. चेन फूटपट्टीनं मोजा. बारा जोड्या बरोबर बारा इंच भरायला हव्यात, इंचाचा सोळावा भाग जास्त भरल्या तर चेन बदलायला झालीय. फ्रेमवरचा नंबर बिलाशी ताडून बघा आणि विकल्याची चिठ्ठी सहीनिशी घ्या. चोरीची निघाली तर मनस्ताप तुम्हाला व्हायचा.

आत्ताच्याच सायकलला मोटरचा किट बसवणं हा तिसरा रस्ता आहे आणि सगळ्यात स्वस्त. पण तुमची सायकल सहा वर्षांची, साध्या ब्रेकची आहे. मोटरचा जोर मागच्या चाकाच्या आसावर येतो आणि आस फ्रेममधून फिरून निसटू नये म्हणून वेगळी पट्टी लावावी लागते. हे नीट करणारा मेकॅनिक ओळखीचा असेल तरच.

घेतल्यावरच्या दोन-तीन गोष्टी. आपल्याकडचे सराटे आणि बाभळीचे काटे मोटर बघून थांबत नाहीत. मोटरचं मागचं चाक रस्त्यात काढणं हे वायर, नट आणि वजनामुळे मोठं काम असतं, म्हणून पहिल्याच दिवशी टायरमध्ये काटे बुजवणारं सीलंट भरून घ्या. पावसाळ्यात काळी माती टायर आणि फोर्कच्या मध्ये बसून चाक जॅम करते. ती वाळू द्या, मग हातानं काढा आणि ओल्या फडक्यानं पुसा. गाड्या धुणाऱ्याकडचा प्रेशरचा फवारा अजिबात नको, पाणी थेट मोटरच्या बेअरिंगमध्ये आणि जोडांमध्ये शिरतं. एप्रिल-मे महिन्यात उन्हातून आल्या-आल्या चार्जिंगला लावू नका, तासभर गार होऊ द्या. रात्री झोपताना लावून ठेवू नका आणि घराच्या दाराच्या वाटेतही लावू नका. महिनाभर चालवणार नसाल तर निम्मी चार्ज ठेवा.

राहिले पैसे. तुम्ही लिहिलंय, मुलाच्या लॅपटॉपला एवढेच दिले तेव्हा एका मिनिटात दिले. मग इथेच मन का धजत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तुमचा हप्ता तुम्ही पाच वर्षं न चुकता भरलाय. गुडघा हलता राहावा, रविवारची सकाळ राहावी आणि ती पाच माणसं राहावीत यासाठी त्यातले 55 हजार खर्च करणं ही मला चैन वाटत नाही. यजमानांना विचारा, पण परवानगी मागितल्यासारखं नको. तो कच्च्या-पक्क्या रस्त्यांचा कागद पुढे ठेवा आणि एखाद्या रविवारी त्यांनाच दुकानात घेऊन जा, चक्कर त्यांना मारू दे.

पण आधी सीट. शनिवारी रात्री अर्धा इंच वर घ्या, पाना नसेल तर कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे मिळेल. रविवारी धरणापर्यंत जाऊन या, पुढच्या रविवारी आणखी अर्धा इंच. पहिल्या दिवशी थोडं अधांतरी वाटेल, थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय करावी लागेल. तीन रविवारांनी गुडघा काय म्हणतो ते मला कळवा.